बॉडी हवेत, गाडी गिअरमध्ये

पत्रक कसं लिहायचं ते मला कुणीही विचारावं. मागणी काय, कुणाकडे, आणि दिली नाही तर आम्ही काय करणार, एवढं तीन ओळींत आलं पाहिजे. चौथी ओळ लिहिणारा माणूस भित्रा असतो असं माझं मत आहे आणि ते मी बैठकीत सांगून दोनदा भांडण ओढवून घेतलं आहे. जीपची बॉडी चॅसीवरून कशी उचलायची ते मात्र मला कुणी विचारू नये. ते मी आयुष्यात एकदाच केलं आणि त्यात चुकता येईल तेवढं चुकले.

जीप अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. उभी नोकरी त्यांनी येलदरीच्या धरणावर ड्रायव्हर म्हणून काढली, आणि ती ह्याच एका जीपवर. खात्यानं तिला निकामी ठरवून लिलावात काढलं तेव्हा अण्णांनीच ती घेतली. बोरीच्या पलीकडे आमचं गाव, गावाच्या कडेला आमची वस्ती. त्या वस्तीत तोवर चारचाकी यायची ती दुसऱ्याची यायची, आणि बहुतेक वेळा काहीतरी न्यायलाच यायची. आमची आली ती राहायला आली. वस्तीतल्या सहा-सात नवऱ्या तिच्यातून सासरी गेल्या, दोन पोरं तिच्यातच जन्मली, आणि आमच्या मंडळाचे कर्णे तिच्या टपावर बांधून मी बोलायला शिकले.

मग ती बंद पडली आणि अंगणात उभी राहिली. अण्णा निवृत्त झाले तसे पाना घेऊन तिच्याखाली शिरले. "मरम्मत करायलोय," एवढंच म्हणायचे. गावातला एक मोठा शेतकरी रस्त्यानं जाता जाता थांबला आणि म्हणाला, "भंगाराला देऊन टाका की. तुमाला काय करायची जीप?" ह्या वाक्यात चूक एकाच शब्दाची आहे. तो शब्द 'तुमाला'. मी त्याला तिथंच विचारलं की तुमच्या वाड्यावरचा ट्रॅक्टर तुम्हाला काय करायचा. अण्णा गाडीखालून म्हणाले, "बारा नंबरचा पाना दे." भांडण मिटवायची त्यांची पद्धत अशीच आहे, पाना मागायचा.

खरी अडचण गावाची नव्हतीच. गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची तर नोंदणीचं नूतनीकरण पाहिजे, आणि त्यासाठी चॅसीवर ठोकलेला नंबर वाचता आला पाहिजे. चॅसी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. इंजिन, चाकं, सगळं त्याला, आणि वरची बॉडी त्याच्यावर बोल्टांनी बसवलेली. नंबरावर कागद ठेवायचा, वरून पेन्सिल घासायची, आकडे कागदावर उमटतात. ती पेन्सिलछाप अर्जाला लावायची. आमच्या गाडीच्या नंबराची पुढची अक्षरं दिसत होती. शेवटचे चार आकडे कधीकाळी कुण्या मिस्त्रीनं बॉडीचा तळपत्रा बदलताना मारलेल्या पट्टीखाली गेले होते. तपासणीला आलेले साहेब बॅटरी घेऊन वाकले, डांबर खरवडून बघितलं आणि सरळ म्हणाले, "पूर्ण नंबर दाखवा, मी लगेच सही करतो." त्यांचं बरोबर होतं. ह्याचा मला जास्त राग आला. भांडायला गेलं आणि समोरचा बरोबर निघाला की माझा सगळा दिवस वाया जातो.

मग चौकशीला आरटीओ कचेरीत गेलो, तिथं बाहेर लिंबाखाली मात्र एक भांडण्याजोगा माणूस भेटला. एजंट. त्यानं अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, कशाला हैराण होता. पट्टीवरच नवा नंबर ठोकून देतो. तुमच्या पुस्तकात हाय तोच. कुणाच्या बापाला कळत न्हाई."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "गाडीला नंबर हाय. हाय तोच बगायचा."

"आन निघाला दुसराच तर?" एजंटनं विचारलं.

हे एक वाक्य आमच्याबरोबर बसमध्ये बसून घरी आलं. कारण अण्णा रजेवर असताना एकदा दुसऱ्या ड्रायव्हरनं ती जीप पुलाच्या कठड्याला घातली होती. महिनाभर ती खात्याच्या वर्कशॉपमध्ये होती. तिथं काय बदललं, काय जोडलं, अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरला कोण सांगतं. चॅसीच बदललेली असेल तर नंबर जुळणार नाही. नंबर जुळला नाही तर कागदावर ती गाडी अण्णांची नाहीच. मग भंगार. मग तो 'तुमाला'वाला बरोबर.

त्या दिवसापासून अण्णा अर्धी भाकरी ठेवून उठायला लागले. आई म्हणाली, "काय ते एकदाचं उघडून बगा. माणसाचं वजन घटायलंय, गाडीचं न्हाई."

उघडायचं म्हणजे अख्खी बॉडी वर उचलायची. दोन आठवडे आम्ही बापलेक तेच करत होतो. बोनेट काढलं, मडगार्ड काढले, काच काढली, सीटा काढल्या, वायरी सोडवून त्यांना चिंध्या बांधल्या. प्रत्येक बोल्टला आदल्या दिवशी डिझेल पाजायचं आणि दुसऱ्या दिवशी पाना लावायचा. एक बोल्ट सुटला की अण्णा तो फडक्यात बांधून ठेवायचे. स्टेअरिंगचं चाक काढलं ते तर त्यांनी टॉवेलात गुंडाळून घरातच नेलं. मी दिवसभर गाडीखाली उताणी आणि तोंडात गंज. शेजारच्या काकू येऊन विचारायच्या, "शिकलेली पोरगी ना तू?" मी म्हणायचे, "म्हणूनच."

उचलायचा दिवस मी रविवार ठरवला. अंगण अरुंद म्हणून गाडी शनिवारी ढकलत विहारासमोरच्या मोकळ्या जागेत नेली. आणि मग मी माझी पहिली चूक केली. मंडळाचे आठ कार्यकर्ते बोलावले. कार्यकर्ते म्हणजे माझ्यासारखेच सगळे, वक्ते. मी कागदावर चौकट काढून कोण कुठल्या कोपऱ्याला ते लिहून ठेवलं होतं. सकाळी सकाळी आठही जण आले, चहा झाला, आणि बॉडीच्या भोवती उभं राहून चर्चा सुरू झाली.

"आधी भूमिका ठरवू," एक जण म्हणाला. हा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे.

"भूमिका काय ठरवायची? उचलायची," मी म्हणाले.

"उचलायचीच. पण आकडा कोण मोजणार? एकानंच मोजावं. सगळ्यांनी मोजलं तर गोंधळ होतो."

"मग मास्तर, तुमीच मोजा."

"मी कसा? अध्यक्ष हायेत की इथं."

अध्यक्ष म्हणाले, "मी आज अध्यक्ष म्हणून आलो न्हाई. भाऊ म्हणून आलोय."

शेवटी मास्तरांनी मोजलं. एक, दोन, तीन. आणि तेव्हा कळलं की तीनला उचलायचं की तीननंतर, ह्यावर ठरावच झालेला नाही. डावीकडच्यांनी तीनला उचलली. उजवीकडच्यांनी तीननंतर. मागचे दोघे दोनलाच भिडले होते आणि तीनला थकून सोडत होते. बॉडी वाऱ्यावरच्या पाळण्यासारखी हेलकावे खात चार बोटं वर आली, आणि एका कोपऱ्यातून सगळी जीपच, चाकासकट, वर यायला लागली. एक बोल्ट राहिला होता. "सोडा सोडा सोडा," अण्णा ओरडले, आणि सगळ्यांनी एकदम सोडली. तेवढं मात्र अगदी एका वेळी झालं.

विहाराच्या पायऱ्यांवर बायका बसल्या होत्या. मास्तरांबरोबर आलेली त्यांची बायको सोडली तर बाकीच्यांना ऊसतोडीवरून परत येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. त्यांत माझी आत्या मधोमध, पाय पसरून, गूळ-शेंगदाणे खात. त्या सगळ्या इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला आणि दुसरी तिच्या पाठीत मारता मारता स्वतःच पायरीवरून घसरली.

आत्यानं मला हाक मारली. "ए पत्रकवाली. इकडं ये."

मी गेले.

"मागल्या साली तू आमच्यावर कागद छापला व्हता ना? बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढती, आन तिला म्हणत्यात अर्धा कोयता?"

छापला होता. तोडीवर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटी बाई गेली तर तिला अर्धा कोयता म्हणतात. त्या शब्दावर मी अख्खं पत्रक लिहिलं होतं, आणि माझ्या मते ते मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं पत्रक होतं.

"मग आज वजन उचलायचं तर आमाला कामून बोलावलं न्हाईस?"

मी भर उन्हात उभी राहिले आणि मला कानापर्यंत लाज वाटली. रोज वजन उचलणाऱ्या बायका दहा पावलांवर बसलेल्या, आणि मी भाषणं करणारे आठ पुरुष बोरीहून आणि पेडगावहून बोलावले होते. पेडगाववाला तर आत्ताच कंबर धरून विचारत होता की गावात कुणाकडे बाम मिळेल का.

"चुकलं, आत्या," मी म्हणाले.

"चुकलं तर चुकलं. हटा म्हणावं त्या पुढाऱ्यांना." पदर खोचत ती उठली, तशा बाकीच्या पाच जणीही उठल्या.

पण पुढारी हटेनात. बायकांनी एकट्यांनी उचलणं हे त्यांच्या तत्त्वात बसेना आणि पुरुषांनी बाजूला बसणं त्यांच्या इज्जतीत. आत्या म्हणाली, "मग राहा. पन तोंड बंद." तिनं स्वतःच फिरून एकेकाला जागा दिली. उंच माणसाशेजारी उंच, बुटक्याशेजारी बुटका. माझी चौकट तिनं बघितलीसुद्धा नाही. राहिलेला बोल्ट अण्णांनी छिन्नीनं तोडला. मग आत्यानं सांगितलं, "आमच्या टोळीत मोजत न्हाईत. मी पत्र्यावर थाप मारीन. पहिल्या थापेला श्वास घ्यायचा, दुसरीला उठायचं. हातानं उचलायचं न्हाई, मांड्यांनी उठायचं."

थाप. सगळ्यांनी श्वास घेतला.

थाप.

आणि बॉडी उठली. ती उठली ती अशी की आम्ही स्वतःच दचकलो. इतकी वर्षं एकमेकांना चिकटून गंजलेलं ते लोखंड कुरकुरलं, रबरी गट्टू सुटून टपाटप खाली पडले, आणि चौदा माणसांच्या हातांवर अण्णांच्या जीपची बॉडी छातीइतकी वर हवेत. खालून चक्क उजेड दिसत होता. जीपच्या पोटातून पलीकडची गल्ली दिसत होती, गल्लीतली शेळी दिसत होती. मी हसायला लागले. मला थांबताच येईना. मास्तरही हसायला लागले, मग आत्या, मग बॉडी सगळ्यांच्या हसण्यानं गदागदा हलायला लागली.

"हसू नका, हसू नका, निसटायलीय," अध्यक्ष म्हणाले आणि स्वतःच फसकन हसले.

बेत असा होता की बॉडी वर धरायची आणि खालची चॅसी चाकांवर ढकलून बाहेर काढायची. ढकलायचं काम माझं आणि आईचं. आम्ही मागून जोर लावला. हलली नाही. परत लावला. नाही. आईनं वाकून बघितलं तर पुढच्या चाकाला हा एवढा धोंडा. तो तिनं पायानं सारला. परत जोर. तरी नाही.

"अहो," आई अण्णांना म्हणाली, "गाडी गिअरमदी हाय का?"

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आदल्या संध्याकाळी गाडी इथं लावली ती त्यांनीच. धरणाच्या उतारावर जन्मभर गाडी लावलेल्या माणसानं गाडी सोडताना काय केलं असेल? पहिला गिअर टाकला आणि चाकाला धोंडा लावला. इंजिनात तेल नाही, गाडीला सीट नाही, स्टेअरिंगला चाक नाही, पण गाडी बिलकुल पळून जाऊ शकत नव्हती.

"दादा, लवकर काढ," आत्या म्हणाली. अण्णा तिचे थोरले भाऊ. "हाताला मुंग्या यायल्यात."

अण्णा वाकून त्या धरलेल्या बॉडीखाली शिरले. "अण्णा, नका," असं मी म्हणेपर्यंत ते गिअरच्या दांड्यापाशी पोचले होते. दांडा खटकन मधोमध आल्याचा आवाज आला. आम्ही ढकलायला वाकलो. आणि आतून अण्णांचा आवाज आला, एकदम बारीक, "थांबा जरा."

"काय झालं?"

"दिसायलाय."

"काय दिसायलाय?"

"नंबर. समदा दिसायलाय. पट्टी बॉडीसंगं वर गेलीय."

मग पुन्हा आतून आवाज आला, "कुणाजवळ पेन्सिल हाय का?"

"दादा," आत्या म्हणाली, "आमी काय तोरण धरलंय का? आधी बाहेर नीघ."

"एक मिनिट. आत्ता नीट ऊन पडायलंय त्याच्यावर."

"अण्णा, ऊन बाहेर जास्त आहे," मी म्हणाले.

"पेन्सिल दे गुमान."

ह्या माणसानं आयुष्यात साहेबाला 'गाडी तयार आहे' ह्यापलीकडे वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं आणि आज तो चौदा जणांना हवेत धरून पेन्सिल मागत होता. माझ्याकडे पेन होते, मार्कर होता. पेन्सिल नव्हती. मास्तर म्हणाले, "माझ्या वरच्या खिशात हाय. पन माझे हात गुंतलेत." मी त्यांच्या खिशातून पेन्सिल काढत असताना ते मान वर करून आभाळाकडे बघत राहिले आणि त्यांची बायको, जी आत्याशेजारी बॉडी धरून होती, म्हणाली, "घरात कधी सापडत न्हाई ही पेन्सिल." मग पुन्हा बॉडी हलायला लागली.

मी पेन्सिल आत दिली नाही. बाहेरूनच दाखवली. "चॅसीसकट बाहेर या, मग देते." मागणी, कुणाकडे, नाही दिली तर काय.

अण्णा एका क्षणात चॅसीच्या मधल्या आडव्या पट्टीवर उकिडवे बसले आणि म्हणाले, "ढकला." आम्ही ढकललं. इंजिन, चार चाकं, दोन लांब लोखंडी दांडे आणि त्यांच्यावर बसलेले माझे वडील असे बॉडीखालून उन्हात निघून आले. मागे आत्यानं थाप मारली आणि बॉडी टायरांच्या थप्प्यांवर उतरली. टायर मी भलत्याच बाजूला रचले होते, त्यामुळे तिला आधी अर्धी प्रदक्षिणा घालावी लागली, पण ते आता कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. सगळे चॅसीकडे धावले.

अण्णांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, नंबरावर ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून घासायला लागले. मी नोंदणीचं पुस्तक उघडून उभी. अक्षरं उमटली, जुळली. आकडे उमटायला लागले. मी पुस्तकातला एकेक वाचत होते, अण्णा कागदावरचा. जुळला. जुळला. जुळला. शेवटचा पुस्तकात इंग्रजी आठ होता.

कागदावर तीन.

अण्णांनी कागद उचलला, कोऱ्या जागी परत ठेवला, परत घासला. तीन. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि लोखंडाकडे बघत राहिले, आणि एजंटचा हात मला माझ्याच खांद्यावर जाणवला.

"सरक," आत्या म्हणाली. तिनं वाकून बोटानं तो आकडा चाचपला. "इथं कायतरी भरलंय. डाव्या अंगाला. डांबर हाय हे." तिनं बांगडीतली सेफ्टी पिन काढून अण्णांना दिली. "सबर कर, दादा. हळू काढ."

अण्णांनी पिनेच्या टोकानं त्या आकड्याची डावी बाजू कोरायला सुरुवात केली. काळं काहीतरी सुटायला लागलं, खसखशीएवढं, मग तिळाएवढं. अध्यक्ष फुंकर मारायला पुढे आले तर आत्यानं त्यांना कोपरानं मागे सारलं. आईनं डिझेलचा बोळा दिला. अण्णांनी पुसलं, पुन्हा कोरलं, पुन्हा पुसलं, आणि तीनच्या डाव्या बाजूनं दोन बारीक कमानी हळूहळू वर आल्या.

मी मोठ्यानं वाचलं नाही. अण्णांनी कागद ठेवला, घासला, आणि तेच म्हणाले, "आठ."

"आठ," मास्तर म्हणाले.

"आठ हाय, आठ," आत्या बायकांना सांगायला लागली, जणू त्या पलीकडच्या गावात उभ्या होत्या.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. अण्णांनी छापा मारल्या, एक नाही, सात-आठ, कारण प्रत्येक छाप त्यांना आधीच्यापेक्षा फिकी वाटत होती. आई घरात जाऊन टॉवेलातलं स्टेअरिंगचं चाक घेऊन आली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. अण्णांनी ते दांड्यावर बसवलं, एक पाट आडवा टाकला, त्यावर बसले. आत्या आणि पाची जणी दोन्ही दांड्यांवर पाय सोडून बसल्या. मंडळाच्या आठही वक्त्यांनी मागून जोर लावला, ह्या वेळी एकदम, न मोजता. आणि ती नागडी जीप विहाराला वळसा घालून गल्लीत शिरली. मी पुढे पळत होते, शेळ्या हाकलत.

"दादा, ब्रेक कुठाय रे?" आत्यानं विचारलं.

"पाइप काढलेत."

"मग थांबायची कशी?"

"ढकलायचं बंद केलं की थांबती."

पण ढकलणाऱ्यांना ते कुणी सांगितलं नाही. हापशाच्या पुढे जरा उतार आहे. तिथं कुणाचं तरी घर बांधायचं काम चाललं होतं आणि वाळूचा ढीग टाकलेला होता. जीप त्या ढिगात शिरली आणि बसली. बायका वाळूत उतरल्या, म्हणजे पडल्याच, आणि तिथंच हसत बसून राहिल्या. अण्णा पाटावरून उतरले. त्यांनी आधी चाक बघितलं नाही, इंजिन बघितलं नाही. खिशातून कागद काढला, उलगडून उन्हात धरला, आठ अजून आठच आहे ना ते बघितलं, आणि पुन्हा घडी घालून खिशात ठेवला.